नोंद बदलताना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांची नोकरी तहसील कचेरीत गेली आणि निवृत्तीनंतरची वर्षं या वाचनालयाच्या नोंदवह्या लावण्यात गेली. म्हणून आज मी नोंद हाच विषय घेतला आहे, आणि त्यातही नोंद बदलण्याचा. बँकेतला पत्ता, गॅसच्या खात्यावरचा मोबाइल नंबर, विम्याचा वारस, मुलाच्या दाखल्यावरची जन्मतारीख हे सगळं आता आपण एका वेब फॉर्ममधून बदलतो. पडद्यावर रकाने येतात, त्यात जुनी माहिती आधीच भरलेली असते, आपण एका रकान्यात नवं काही लिहितो, खालचं बटण दाबतो आणि माहिती अद्ययावत झाल्याची ओळ उमटते. त्या बटणामागे काय घडतं आणि काय घडायला हवं, याबद्दल मला बोलायचं आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा हा खासगी प्रश्न आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्या नावाची कुठे ना कुठे नोंद आहे, त्या सगळ्यांचा आहे.

सुरुवात उत्तर प्रदेशातून करतो. आझमगढ जिल्ह्यातल्या अमिलो गावचे लाल बिहारी कर्जासाठी कागद जमवायला गेले, तेव्हा त्यांना समजलं की सरकारदप्तरी ते मरण पावलेले आहेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या काकांनी महसूल नोंदीत त्यांना मृत दाखवून एकरभरही नसलेली जमीन आपल्या नावावर करून घेतली होती. लाल बिहारी पुढची जवळपास वीस वर्षं जिवंत असल्याचं सिद्ध करत राहिले. नावापुढे ‘मृतक’ लावलं, आपल्यासारख्यांचा संघ काढला, पत्नीसाठी विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज केला, १९८९ साली अमेठीत राजीव गांधींविरुद्ध निवडणूक लढवली. उमेदवारी अर्जावर नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे असं सरकारला मान्य करावं लागेल, हा त्यांचा हिशेब. १९९४ साली ती नोंद दुरुस्त झाली. या सगळ्यात संगणक कुठेच नव्हता. शाई होती, कागद होता, लाच होती. एक ओळ बदलली गेली, आणि जिच्यामुळे ज्याचं आयुष्य बदललं त्यालाच कोणी काही कळवलं नाही. ही गोष्ट मनात ठेवून आपण आता यंत्राकडे वळू.

डेटाबेस म्हणजे तक्ते. आडवी ओळ एका माणसाची किंवा एका वस्तूची, उभा रकाना एका गुणाचा. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी या रचनेचा गणिती पाया एका निबंधात मांडला आणि आजही जगातल्या बहुतेक बँका, कचेऱ्या, रुग्णालयं त्याच पायावर उभी आहेत. आपण फॉर्म उघडतो तेव्हा आपली ओळ शोधून तिच्यातली माहिती रकान्यांत भरली जाते. बटण दाबलं की रकाने सर्व्हरकडे जातात आणि सर्व्हर डेटाबेसला एक आज्ञा देतो: अमुक क्रमांकाच्या ओळीत अमुक रकान्याची किंमत आता ही. त्या क्षणी जुनी किंमत तिथून जाते. ती कुठे ठेवायची असेल तर प्रणाली बनवणाऱ्यानं तशी सोय मुद्दाम करावी लागते. केली नाही, तरी प्रणाली व्यवस्थित चालते, चाचण्या पार पडतात, आणि वापरणाऱ्याला काही कमी आहे असं जाणवतही नाही. पुसून लिहिणं हाच या यंत्राचा मूळ स्वभाव आहे. आज्ञेत ‘कोणत्या ओळीत’ हा भाग लिहायचा राहून गेला, तर यंत्र हटकत नाही, तक्त्यातल्या सगळ्या ओळी एकाच किमतीनं भरून टाकतं. या धंद्यातल्या प्रत्येकाला ही भीती ठाऊक असते.

या स्वभावाला स्पष्ट शब्दांत हटकलं ते जिम ग्रे यांनी. डेटाबेसमधल्या व्यवहाराची संकल्पना ज्यांनी घडवली, त्यासाठी ज्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, ते हे ग्रे. १९८१ सालच्या एका निबंधात त्यांनी जागच्या जागी पुसून लिहिण्याच्या पद्धतीला विषारी सफरचंद म्हणावं का, असा प्रश्न विचारला होता. त्यांचं म्हणणं असं की मातीच्या पाट्यांवर आणि कागदावर हिशेब ठेवणाऱ्यांनी शतकानुशतकं एक नियम पाळला: वहीत लिहिलेलं बदलायचं नाही, चूक झाली तर ती चूक म्हणून खूण करायची आणि भरपाईची नवी नोंद करायची. संगणक आला, साठवणूक महाग होती, म्हणून आपण हा नियम सोडला. आपल्याकडच्या पेढीवर बसलेल्या कोणालाही हे सांगावं लागलं नसतं. रोजकीर्द आधी, खतावणी नंतर. रोजकीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमानं उतरतो आणि तिथे खाडाखोड चालत नाही. खतावणी तिच्यावरून कधीही पुन्हा उभी करता येते. डेटाबेसच्या पोटातही अशी एक रोजकीर्द असते. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तर अर्धवट व्यवहार निस्तरायला ती उपयोगी पडते. पण ती यंत्राची स्वतःची आहे. काम झालं की ती टाकून दिली जाते. माझा पत्ता गेल्या मार्चमध्ये कोणी आणि कशाच्या आधारावर बदलला, याचं उत्तर तिच्यातून नागरिकाला मिळत नाही.

हे उत्तर देणारी व्यवस्था आपल्या गावात सव्वाशे वर्षांपासून आहे. तिचं नाव फेरफार. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं जमिनीचा हक्कनोंद अभिलेख सुरू झाला, १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्याची रचना आजही टिकून आहे. आपण सातबारा सातबारा म्हणतो, तो खरं तर शेवटी दिसणारा निकाल. गाव नमुना सात म्हणजे हक्क, गाव नमुना बारा म्हणजे पिकं. या दोन्हींच्या मागे गाव नमुना सहा उभा असतो, तो म्हणजे फेरफाराची नोंदवही. संहितेच्या कलम १४९ आणि १५० मधली कार्यपद्धती मी थोडी सविस्तर सांगतो, कारण वेब फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावी अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

जमिनीत कोणाला नवा हक्क मिळाला, मग तो खरेदीनं असो, वारसानं, वाटपानं किंवा गहाणानं, तर त्यानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तोंडी सांगितलं तरी चालतं. तलाठ्यानं ताबडतोब पोच द्यायची. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मी जुन्या सवयीनं तलाठीच म्हणणार आहे.) मग तलाठी ती वर्दी फेरफाराच्या वहीत उतरवतो, सातबाऱ्याला हात लावत नाही. नोंदीची पूर्ण प्रत चावडीत लोकांना दिसेल अशी लावायची. ज्यांचा हितसंबंध अभिलेखावरून दिसतो त्यांना लेखी कळवायचं, आणि ज्यांचा हितसंबंध असेल असं मानायला तलाठ्याकडे कारण आहे त्यांनाही कळवायचं. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर तिची पोच द्यायची आणि ती तक्रारी प्रकरणांच्या वेगळ्या वहीत नोंदवायची. एवढं झाल्यावर वरचा अधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी मंडळ अधिकारी, तपासून नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच ती सातबाऱ्यावर चढते. चढतानाही जुनं नाव पुसलं जात नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करत आणि नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक लिहीत. अलीकडच्या संगणकीकृत नमुन्यात कमी झालेल्या नावावर आडवी रेघ येते. रेघेखालचं नाव मात्र वाचता येतं.

या पद्धतीचा तिच्या अंमलबजावणीत किती छळ झाला आहे हे मला माहीत आहे. न बजावलेल्या नोटिसा बजावल्याचं दाखवलं जातं, चावडीच्या फलकावर एकावर एक कागद चिकटतात, अविवादित नोंद महिनोन्‌महिने पडून राहते. या सभागृहात अशी एकही हकीकत नाही असं घर सापडणार नाही. पण नियम मोडला गेला असं आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण नियम आहे. बजावणीची तारीख मागता येते, प्रांताकडे अपील करता येतं, पन्नास वर्षांपूर्वीच्या फेरफाराची नक्कल काढून नोटीस कोणाकोणाला गेली होती हे तपासता येतं. जिथे बदलाची वहीच नाही, तिथे तक्रार तरी कशाच्या आधारावर करायची?

आता याच संहितेतलं कलम १५७ पाहा. ते म्हणतं की अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. हा फार मोठा मान आहे. न्यायालयात उभं राहिल्यावर नोंद खोटी ठरवण्याचा भार समोरच्यावर पडतो. पण कायद्यानं हा मान नोंदीला फुकट दिलेला नाही. आधी वर्दी, पोच, जाहीर प्रत, लेखी सूचना, हरकतीची मुदत, दुसऱ्या माणसाची तपासणी, आणि मग खरेपणाचं गृहीतक. नोंदीवर किती विश्वास ठेवायचा, हे ती कशी बदलली जाते यावरून ठरलं पाहिजे. आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः हेच म्हणायचं आहे. पुढचं सगळं याचा विस्तार आहे.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडलं. १९९९ साली तिथे एक कायदेशीर बदल झाला आणि संगणकाचा पुरावा देताना यंत्र नीट चालत होतं हे सिद्ध करण्याची आधीची अट गेली. त्यानंतर यंत्र बरोबर आहे असंच धरलं जाऊ लागलं. त्याच सुमारास पोस्ट ऑफिसनं देशभरातल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसवायला घेतली. शाखा चालवणारे म्हणजे बहुतेक गावातले दुकानदार, त्यांत भारतातून आणि पूर्व आफ्रिकेतून गेलेली आपली माणसंही बरीच. संध्याकाळी पडद्यावरचा आकडा आणि पेटीतली रोकड जुळेना. करारानुसार तूट भरायची जबाबदारी शाखाचालकाची. लोकांनी बचत मोडली, घरं विकली, आणि तरीही नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आलं. काही तुरुंगात गेले. काहींनी जीव दिला.

या प्रकरणातली एक छोटी घटना आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन शाखेत २०१५ साली रोख रकमेची एक थैली एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आणल्याची नोंद करायची होती. रक्कम आठ हजार पौंड. कर्मचाऱ्यानं कळ दाबली, पडदा पुढे सरकेना. म्हणून पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. पडद्यावर काहीच हललं नाही, पण आत प्रत्येक दाबाला एक नोंद होत होती. आठ हजारांचे बत्तीस हजार झाले आणि शाखेच्या डोक्यावर चोवीस हजार पौंडांची तूट आली, जी कधी अस्तित्वातच नव्हती. वेब फॉर्मवर हे आजही घडतं. इंटरनेट मंद असतं, चक्र फिरत राहतं, आपण अधीर होऊन दुसऱ्यांदा ‘पैसे भरा’ दाबतो. यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्यायचा, त्या क्रमांकाची विनंती एकदाच मान्य करायची, आणि तीच पुन्हा आली तर ‘हे काम झालेलं आहे’ असं सांगून पहिलंच उत्तर परत द्यायचं. ‘कृपया बटण दोनदा दाबू नका’ अशी पाटी लावणाऱ्या संकेतस्थळांबद्दल मला तीव्र आक्षेप आहे. यंत्रानं घ्यायची काळजी ते गिऱ्हाइकावर ढकलतात.

होरायझनमधली याहून गंभीर गोष्ट वेगळीच होती. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत होतं की शाखेच्या हिशेबात शाखाचालकाशिवाय दुसरं कोणी काही बदलू शकत नाही. ॲलन बेट्स आणि त्यांच्या बरोबरच्या साडेपाचशेहून जास्त शाखाचालकांनी खटला भरला. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रणाली बनवणाऱ्या कंपनीतले लोक दुरून, शाखेला न कळता, हिशेबात नोंदी घालू शकत होते. म्हणजे वहीवर सही शाखाचालकाची आणि वहीत लिहिणारा हात दुसऱ्याचाही. २०२४ च्या मे महिन्यात संसदेनं खास कायदा करून या शिक्षा रद्द केल्या. एका प्रणालीच्या नोंदींवर विसंबून दिलेल्या शेकडो शिक्षा अशा एका फटक्यात रद्द कराव्या लागल्या. नोंद खरी मानण्याचा नियम होता, पण नोंद कशी बदलते हे पाहण्याचा अधिकार ज्याला शिक्षा होणार त्याला नव्हता.

म्हणून फॉर्ममागच्या प्रत्येक बदलाला स्वतःची ओळ मिळाली पाहिजे असा माझा आग्रह आहे. कोणत्या ओळीतला कोणता रकाना, आधी काय होतं, आता काय आहे, कोणी केलं, कधी केलं, कोणत्या कागदाच्या आधारावर केलं. ही वही सामान्य वापरकर्त्याला तर नाहीच, प्रणाली सांभाळणाऱ्या तंत्रज्ञालाही मागे जाऊन बदलता येऊ नये. साठवणूक महागडी आहे ही १९८१ ची सबब आता कोणी देऊ नये. आपण लग्नाच्या मिरवणुकीचे जेवढे व्हिडिओ साठवतो, त्याच्या तुलनेत एका तालुक्याचे वर्षभराचे बदल काहीच जागा घेत नाहीत.

एक तांत्रिक अडचण मी थोडी समजावून सांगतो, कारण ती कचेरीतल्या कोणालाही भोवू शकते. समजा एका खातेदाराची नोंद दोन टेबलांवर एकाच वेळी उघडली आहे. एका टेबलावर बँकेचा बोजा कमी करायचा आहे, दुसऱ्यावर पत्ता सुधारायचा आहे. दोघांच्याही पडद्यावर अकरा वाजताची माहिती आहे. पहिल्यानं बोजा कमी करून सेव्ह केलं. दुसऱ्यानं पाच मिनिटांनी पत्ता बदलून सेव्ह केलं. पण फॉर्म एकटा पत्ता पाठवत नाही, सगळे रकाने पाठवतो, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर बोजा अजून तसाच होता. फेडलेलं कर्ज पुन्हा डोक्यावर आलं! कोणाचीही चूक नाही, कोणाला सूचना नाही. याला हरवलेला बदल म्हणतात. उपाय असा की प्रत्येक ओळीला एक आवृत्तिक्रमांक द्यायचा आणि सेव्ह करताना विचारायचं: मी सातवी आवृत्ती पाहून हा बदल करतो आहे, अजून सातवीच आहे ना? आठवी झाली असेल तर बदल नाकारायचा आणि दोन्ही रूपं शेजारी शेजारी दाखवायची. ही युक्ती अनेक दशकं माहीत आहे. तरी आजही असंख्य फॉर्म तिच्याशिवाय चालतात, कारण ही चूक चाचणीत दिसत नाही. चाचणी करणारा एकटाच असतो.

दुसऱ्या माणसानं तपासलं म्हणजे झालं, असंही समजू नका. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या सिटी बँकेला रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीच्या कर्जावरचं अठ्ठ्याहत्तर लाख डॉलर व्याज वाटायचं होतं. प्रत्यक्षात बँकेचे स्वतःचे जवळपास नव्वद कोटी डॉलर सावकारांकडे गेले. काम होतं फ्लेक्सक्यूब या प्रणालीवर, जी मूळची आय-फ्लेक्स या भारतीय कंपनीची, आणि ती कंपनी सिटीच्याच एका भारतीय उपकंपनीतून वाढलेली. मुद्दलाची रक्कम बाहेर जाऊ नये म्हणून पडद्यावरच्या तीन रकान्यांत बँकेचा अंतर्गत खाते क्रमांक भरावा लागे. एकाच रकान्यात भरला गेला. भरणारा, तपासणारा, मंजुरी देणारा अशा तिघांच्या नजरेखालून फॉर्म गेला आणि तिघांनाही तो बरोबरच वाटला. दोन वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. तिघांवर दोष ठेवणं सोपं आहे. त्या पडद्यानं एक साधं वाक्य दाखवलं असतं, की या बटणानं एवढे कोटी डॉलर आत्ता बँकेबाहेर जातील, तर तपासायला तिघांची गरज पडली नसती. फेरफाराच्या नोंदीत ही गोष्ट आपोआप येते, कारण ती वाक्यात लिहिलेली असते: अमुक मयत, अमुक त्यांचे वारस, अमुक गटावरचं नाव कमी करून अमुकांची नावं दाखल. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला माणूसही ती वाचून म्हणू शकतो की हे चुकलं आहे. तीन रकाने वाचून तसं म्हणता येत नाही.

आता महाराष्ट्रातल्या आजच्या फॉर्मकडे येतो. फेरफार आता संगणकावर होतो. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की माहिती तलाठ्याच्या प्रणालीत पोचते. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरवल्यावर २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, म्हणजे संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्यानं वाचून चुका विचारल्या गेल्या. माहिती तपासण्याची याहून चांगली रीत मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करतो. नमुना बारा, जो तलाठी भरायचा, तो आता ज्याचं शेत तोच भरतो. ई-हक्क प्रणालीवर वारस नोंद, बोजा चढवणं आणि कमी करणं, मयताचं नाव कमी करणं, अज्ञान पालकाचा शेरा काढणं असे अर्ज घरी बसून करता येतात. हे मोठं काम झालं आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

पण वारस नोंदीच्या फॉर्मपाशी मी थांबतो. वडील गेले. थोरला मुलगा अर्ज भरतो. वारसांचे रकाने आहेत, त्यात तो आपलं आणि धाकट्या भावाचं नाव लिहितो. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन सांगोल्याला किंवा सुरतेला गेलेल्या बहिणीचं नाव लिहीत नाही. कधी मुद्दाम, कधी ‘तिला कशाला’ म्हणून, कधी गावातल्या कोणाच्या सल्ल्यानं. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. फॉर्मला हे माहीत नसतं. फॉर्म सगळे रकाने भरले का हे तपासतो, आधारचा क्रमांक बारा आकडी आहे का हे तपासतो, तारीख भविष्यातली नाही ना हे तपासतो. जे नाव लिहिलंच नाही ते तपासायची त्याच्याकडे सोय नाही. सूचनापत्रं जातात ती फॉर्ममध्ये ज्यांची नावं आहेत त्यांना. जिच्या हक्काचा प्रश्न आहे तिला कळायला तिचं नाव आधी कुठेतरी असायला हवं, आणि तेच नाही. त्या घरातल्या माणसांची माहिती शिधापत्रिकेवर असते, जन्मनोंदीत असते, मतदारयादीत असते, पण हे तक्ते एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलायला लागले तर आपल्या खासगीपणाचं काय, हाही तितकाच खरा प्रश्न आहे.

१९१३ सालच्या माणसांनी याची सोय केली होती असं मला ठामपणे वाटतं. लेखी सूचना ज्ञात माणसांसाठी, आणि चावडीवरची जाहीर प्रत अज्ञात माणसांसाठी. गावात कोणाला किती मुली आहेत हे चावडीपुढच्या पारावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. प्रणालीत नसलेली माहिती गावात असते, आणि चावडीवर लावलेला कागद ती माहिती प्रणालीपर्यंत आणण्याचा रस्ता होता. आपण फॉर्म ऑनलाइन नेला तेव्हा अर्जदाराची पायपीट वाचली, हे चांगलंच झालं. पण त्या पायपिटीबरोबर चार लोकांच्या कानावर गोष्ट जाण्याचा रस्ताही बंद होणार नाही, हे पाहायला हवं होतं. बँकेचा फॉर्म, विद्यापीठाचा फॉर्म, सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचा फॉर्म यांना चावडी कधी नव्हतीच. तिथे तर ज्याची नोंद बदलते त्यालासुद्धा अनेकदा संदेश जातो तो नव्या मोबाइल नंबरवर, जुन्यावर नाही. खातं चोरणाऱ्याच्या हातात पोच द्यायची आणि खातेदाराला अंधारात ठेवायचं, इतकं उघड चुकीचं असूनही हे मी वारंवार पाहतो. संपर्काचा पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावर कळवलंच पाहिजे, आणि काही दिवस तो बदल मागे घेता आला पाहिजे.

चांगल्या हेतूनं केलेला बदलही नोंदवहीतूनच जातो, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पुरुषांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करून दिली. सभेत टाळ्या पडल्या, पण त्या बाईचं नाव सातबाऱ्यावर आलं ते फेरफाराच्या नोंदीनं. आणि आता १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं राज्यात बंधनकारक झालं आहे. मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. यासाठी राज्यातल्या कितीतरी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा लागतो. जुन्या नोंदींत तो रिकामा राहणार. रिकामा म्हणजे विचारलंच नव्हतं, की माहीत नाही, की सांगायचं नाही? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि डेटाबेसमध्ये तिन्ही सारख्याच दिसतात. उद्या कोणी घाईनं आज्ञा लिहील की आईचं नाव रिकामं असलेले अर्ज अपूर्ण समजा, आणि आज शाळेत असलेली सगळी मुलं एका ओळीनं अपूर्ण ठरतील.

दुरुस्तीबद्दल एकच बोलतो. संहितेचं कलम १५५ लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे. नावातली वेलांटी, क्षेत्रातला आकडा अशा गोष्टींसाठी. त्यातही अट आहे की अधिकाऱ्याला तपासणीत चूक दिसली तरी संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय आणि त्यांच्या हरकती निकाली काढल्याशिवाय दुरुस्ती करायची नाही. ही अट रास्त आहे. पण नागरिकाच्या बाजूनं पाहिलं तर चूक घडते एका कळीनं आणि निघते अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तीन खेटे एवढ्यानं. आडनावाची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावरून आधार आणि सातबारा जुळत नाहीत आणि अनुदान अडकतं, तेव्हा टंकलेखन करणाऱ्याच्या चुकीचा खर्च शेतकरी भरतो. ज्या संस्थेनं चूक घातली तिनंच ती काढण्याचा खर्च उचलावा, आणि चूक कोणाकडून आली हे ठरवायला पुन्हा तीच बदलांची वही लागते.

आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत दर वर्षी शेकडो मुलं-मुली प्रकल्प म्हणून वाचनालयाची, वसतिगृहाची, दवाखान्याची प्रणाली बनवतात. नोंद घाला, दाखवा, बदला, काढा, एवढं चाललं की गुण मिळतात. त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की ‘बदला’ या भागाला गुण देण्याआधी विचारा: जुनी किंमत दाखव, ज्याची नोंद आहे त्याला काय कळवलंस ते दाखव, त्यानं नको म्हटलं तर काय होतं ते दाखव. तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यांची उत्तरं देता आली की त्या विद्यार्थ्याच्या हातून पुढे बनणारं प्रत्येक रुग्णालय, प्रत्येक पतपेढी वेगळी होईल.

शेवटी या सभागृहातल्या सगळ्यांसाठी एक काम आहे, आणि ते आज रात्रीही होण्यासारखं आहे. भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ नावाचं पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावातले चालू फेरफार दिसतात: क्रमांक, प्रकार, तारीख, गट नंबर. खातं लागत नाही, पासवर्ड लागत नाही. पुण्यात बसूनही ते पाहता येतं. आपलं गाव पाहा, ज्या शेजाऱ्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. आणि इथे बसलेल्या भगिनींना वेगळं सांगतो, सासरचं गाव पाहून झालं की माहेरचंही गाव निवडा. हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख त्याच ओळीत दिलेली असते.